शॅमॉय कोणाच्या घरातलं

२ फेब्रुवारी
ही वही रक्तदाब लिहायला घेतली आहे. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी बजावलं, रोज आकडा लिहा आणि दिवसभरात काय झालं तेही खाली लिहा, म्हणजे चढतो कशाने ते कळेल. कशाने चढतो ते मला वहीशिवाय ठाऊक आहे. संग्रहालयात नवे साहेब आले आहेत.

तुम्ही वाचणार म्हणून आधी माझं काम सांगते, डॉक्टर. मी मेलेले प्राणी पुन्हा उभे करते. लोक म्हणतात, "पेंढा भरता ना?" पेंढा गुरांना घालतात. आम्ही तारेचा सांगाडा करतो, त्यावर लाकडाचा कीस बांधतो, वरून माती, मग कातडं. माझ्या आधी हे काम बाबा करायचे. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, नजर गेल्यात जमा आहे आणि जीभ मात्र शाबूत आहे.

नवे साहेब एकोणतीस वर्षांचे. तेही डॉक्टर, पण प्राणिशास्त्रातले. रक्तदाबाच्या कामाचे नाहीत, उलट कारण आहेत.

आकडा: १५८/९४.

४ फेब्रुवारी
सस्तन प्राण्यांचं दालन नव्याने लावायचं आहे. एक मार्चला उघडणार. आजवर कपाटं उंचीप्रमाणे लावलेली होती, मोठा प्राणी मागे, छोटा पुढे, शाळेच्या ग्रुप फोटोसारखी. आता म्हणे नात्याप्रमाणे लावायची. कोण कोणाचा सख्खा, कोण चुलत.

डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं, "ताई, हा कोण?" बोट शॅमॉयकडे होतं. म्हटलं, "ही आमच्या बाबांची सर्वांत मोठी कामगिरी. पाटी वाचा." पाटीवर लिहिलंय, 'शॅमॉय. बर्फाळ डोंगरांतला लहान कुरंग.' कुरंग म्हणजे काळवीट-चिंकारा ह्यांच्यातला. त्यांनी पाटी वाचली. नुसतं 'हं' केलं. मला ह्या 'हं'ची भयंकर चीड आहे.

सफाईच्या मावशी तेवढ्यात म्हणाल्या, "शॅमॉय म्हणजे गाडी पुसायचं कातडं ना? त्याला तोंड पण असतं?" डॉक्टरसाहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. सदऱ्याने पुसला.

५ फेब्रुवारी
शॅमॉयच्या कानांना कसर लागली आहे. डावा अर्धा गेलाय, उजवा हात लावताच भुरभुरतो. दोन्ही नवे करावे लागतील. बाबांना संध्याकाळी सांगितलं. ते रोज जेवायच्या आधी विचारतातच, "माझं शॅमॉय कसंय?" जावयाची चौकशी नाही, शॅमॉयची आहे.

"कान बदलायचेत," मी म्हटलं.

"आणि शिंगं?"

"शिंगांना काय धाड भरलीय? ती ठणठणीत आहेत."

"बरं," म्हणाले, आणि आमटी न घेताच उठले.

९ फेब्रुवारी
आज जे झालं ते लिहू की नको असं होतंय. लिहिते, पण ही वही आता फॅमिली डॉक्टरांना दाखवायची नाही. आकड्यांसाठी वेगळा कागद करीन.

डॉक्टरसाहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि शॅमॉयचे दहा-बारा फोटो टेबलावर मांडले. जिवंत शॅमॉय. कड्यावर उभं, बर्फातून पळणारं, पिलाला चाटणारं. सगळ्यांची शिंगं काळी, वीतभर, सरळ वर गेलेली आणि टोकाशी आकड्यासारखी वळलेली. मागे वळलेली. आपल्याची पुढे वळली आहेत.

मी म्हटलं, "फोटो उलटा छापला असेल."

ते म्हणाले, "ताई, उलटा छापला तर डावीकडे बघणारा प्राणी उजवीकडे बघेल. शिंगं पाठीकडची कपाळाकडे कशी येतील?"

हे मलाही कळत होतं. पण काहीतरी बोलायला हवं होतं.

मग त्यांनी कागदावर काढून समजावलं. सांबर-चितळांसारखी खरी हरणं दर वर्षी शिंगं गाळतात, ते घराणं निराळं. गाय, म्हैस, मेंढी, बकरी, काळवीट ह्यांची शिंगं म्हणजे हाडाच्या खुंटावर चढवलेली पोकळ खोळ, ती जन्मभर राहते. हे सगळे एका कुळातले. शॅमॉयही त्यातलंच. आणि कुरंग? कुरंग म्हणून काही वेगळं घर नाहीच म्हणे. गाई, मेंढ्या, बकऱ्या बाजूला काढल्यावर जे उरलंसुरलं राहिलं त्याला लोकांनी कुरंग म्हटलं. शॅमॉयला जुने पंडित अर्धी बकरी, अर्धा कुरंग म्हणायचे. आता रक्ताची तपासणी होते, त्यातून कळलंय की ते मेंढ्या-बकऱ्यांच्या घरातलं आहे. मेंढी नाही, बकरीही नाही, त्याच घरात वेगळी चूल मांडून राहिलेलं.

"मग इथे ते कुरंगांत कसं गेलं?" त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच उत्तर दिलं. "पुढे वळलेली शिंगं असलेला एक कुरंग आहे. शिंगं चुकीची बसली, म्हणून पाटी चुकीची लागली."

पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. हे असं दालनात ठेवता येणार नाही. एकतर शिंगं फिरवून बकऱ्यांच्या कपाटात, नाहीतर तळघरातल्या गोदामात. गोदामात ओल आहे. तिथे गेलेलं अस्वल मी वर्षभराने पाहिलं होतं. पाहवलं नव्हतं.

१० फेब्रुवारी
रात्रभर तेच. बाबांनी हे कसं केलं?

ते आलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. लांबच्या एका संग्रहालयाने अदलाबदलीत पाठवलेली लाकडी पेटी. आत मीठ लावून वाळवलेलं कातडं, कवटी, आणि शिंगांच्या दोन खोळा वेगळ्या फडक्यात बांधलेल्या. इथे कोणी जन्मात शॅमॉय पाहिलं नव्हतं. त्यात काम ऐन रंगात आलं आणि बाबा तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळले. तरी काम ठरल्या दिवशी पुरं झालं, त्याचं सगळ्यांनी केवढं कौतुक केलं होतं! मी शाळा सुटली की थेट कार्यशाळेत जायचे. शिंगं बसली तो दिवस मला चांगला आठवतो. खिडकीतून ऊन येत होतं. बाबांनी बसवली, मी शेजारी उभी होते.

खुंट सरळ आणि गोल असतो. त्यावर खोळ कशीही फिरते. अंगात ताप असताना चुकू शकतं माणसाचं.

ह्यांना सगळं सांगितलं. हे घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर घड्याळाचंच बोलतात. म्हणाले, "चालणारं घड्याळ उघडू नये." म्हटलं, "ते अडतीस वर्षं उलटं चालतंय." त्यावर ह्यांनी पेपर वर केला.

१३ फेब्रुवारी
एक विचार आलाय, आणि त्याची लाजही वाटते आहे. गुपचूप शिंगं फिरवून टाकावीत. बाबांना दिसत नाही. उद्घाटनाला येतील, खुर्चीवर बसतील, टाळ्या ऐकतील, घरी येतील. कोणाचं काय बिघडलं?

पण ते शॅमॉयला हात लावल्याशिवाय राहणार नाहीत. डोळे गेल्यापासून ते हातांनी बघतात. परवा मी भाजी नीट निवडली नाही हे त्यांनी टोपलीत हात घालून सांगितलं.

ह्या माणसाने शॅमॉय कुरंग आहे म्हणून तीन साहेबांशी भांडण केलं. एकदा तर बढती गेली, साहेबाला 'तुम्ही पुस्तकं बघा, मी प्राणी बघतो' म्हणाले म्हणून. आणि आता मी जाऊन सांगायचं, की तुमचंच चुकलं होतं?

१४ फेब्रुवारी
कानांचे साचे झाले. बाकी काही नाही. काही नाही म्हणजे धीर झाला नाही.

१७ फेब्रुवारी
सांगितलं!

दुपारी रजा टाकून घरी आले. बाबा बाल्कनीत ऊन खात बसले होते. मी स्टूल ओढलं आणि एका दमात बोलून टाकलं. "बाबा, शॅमॉयची शिंगं मागे वळतात. आपली पुढे आहेत. डॉक्टरसाहेबांनी फोटो दाखवले. फिरवली नाहीत तर ते गोदामात जाणार."

मला वाटलं होतं, काठी आपटतील. त्यांनी नुसतं विचारलं, "साहेब आणखी काय म्हणाले?"

"मेंढ्या-बकऱ्यांच्या घरातलं आहे म्हणाले."

"शहाणा दिसतोय पोरगा," म्हणाले. मग गुडघे चोळले. "हो. चुकलंच माझं. ताप होता ना मला तेव्हा."

एवढंच! मी आठ दिवस झोपले नाही आणि म्हातारा एका वाक्यात मोकळा! आधी हायसं वाटलं, मग रागच आला. म्हटलं, "मग तीन साहेबांशी भांडलात कशाला?" तर म्हणाले, "खोड."

फक्त एक अट घातली. शिंगं मी फिरवायची नाहीत. "त्या साहेबाला सांग, बाहेरून कोणी कारागीर आणा. तू कान कर." मला फार लागलं. बत्तीस वर्षं हे काम करते आहे, आणि दोन खोळा फिरवण्याचा माझ्यावर भरवसा नाही? पण मग वाटलं, स्वतःची चूक मुलीने उकरलेली कोणाला आवडेल? म्हाताऱ्या माणसाचा मान.

१८ फेब्रुवारी
डॉक्टरसाहेब म्हणतात, बाहेरचा कारागीर आणायला मंजुरी घ्यावी लागेल, ती मिळेपर्यंत मार्च संपेल. "ताई, तुमच्यापेक्षा चांगला कारागीर मी आणू कुठून?" वर म्हणाले, तुम्ही करा, मी आजोबांना समजावतो. म्हटलं, तुम्ही नका समजावू, ते तुम्हाला शहाणा म्हणाले आहेत, ते मत टिकू द्या.

मीच करणार. बाबांना नंतर सांगेन.

(आकडा त्या कागदावर लिहिला. बराच खाली आलाय.)

२२ फेब्रुवारी
आज शिंगं काढली.

आधी कपाळावरचं कातडं ओल्या फडक्याने मऊ केलं. बाबा शिंगं नेहमी सरसाने, म्हणजे तापवून लावायच्या खळीने बसवायचे, सरसात भुसा कालवून. सरस वाफेने सुटतो. मी किटली लावली, वाफ दिली, काही होईना. अर्धा तास दिली. मग पातळ सुरी घालून पाहिलं तर सुरीच्या टोकाला पांढरं कोरडं काहीतरी आलं. लुकण. खिडकीच्या काचा बसवायला सुतार लावतात ते.

मला हसू आलं. बाबा आणि लुकण! लुकणाने शिंग बसवणाऱ्याला त्यांनी कार्यशाळेबाहेर काढलं असतं. ते तडकतं, त्यात जीव नसतो. सरस सोडून लुकण कोण वापरील? ज्याला सरस तापवता येत नाही तो. सरसाला शेगडी पेटवावी लागते.

शेगडीला हात लावायची मला बंदी होती.

हे मनात आलं आणि मी सुरी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली, कारण काम अर्धवट टाकता येत नाही. उजवी खोळ सुटली. खुंटाच्या बुडाशी लुकण दाबून बसवलं होतं, त्यावर अंगठ्याचे ठसे होते. एकाशेजारी एक, गोलाकार. मी माझा अंगठा त्यावर ठेवला. ठसा लहान होता. बाबांचा अंगठा तर माझ्या दीडपट आहे.

बाबा शेजारी नव्हतेच. ते घरी तापात होते. ऊन खरं होतं, खिडकीही खरी. पण मी एकटी होते. भिंतीवर प्राण्यांचा एक तक्ता होता, त्यात पुढे वळलेल्या शिंगांचा एक कुरंग होता, आणि मला वाटलं, हेच ते. बाबा बरे होऊन आले की चकित होतील म्हणून मी शिंगं बसवून ठेवली. आणि ते चकित झालेही होते. मला उचलून घेतलं होतं.

इतकी वर्षं मी त्या आठवणीत बाबांना कसं उभं केलं, देव जाणे.

मावशी झाडायला आल्या, मला रडताना पाहून म्हणाल्या, "मोडलं का काय?" म्हटलं, नाही, सुटलं.

२३ फेब्रुवारी
काल संध्याकाळी बोलण्याचं त्राण नव्हतं. आज सकाळी बाबांचा चहा घेऊन गेले आणि कप हातात द्यायच्या आधीच म्हटलं, "लुकण होतं."

त्यांनी कप घेतला. दोन घोट प्यायले. "तुला सांगितलं होतं ना, बाहेरचा माणूस आणा म्हणून?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"लुकण आहे हे त्याच दिवशी कळलं. वासावरून. शिंगं उलटी आहेत हे दोन वर्षांनी कळलं, एका पुस्तकात चित्र आलं तेव्हा."

"मग फिरवली का नाहीत? तासाभराचं काम होतं!"

"तू वर्गातल्या सगळ्या मुलींना आणून दाखवलं होतंस. मास्तरीणबाईंनाही. रोज शाळा सुटली की आधी त्याच्यासमोर उभी राहायचीस, मग दप्तर टाकायचीस." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "तेव्हा फिरवली असती तर तू कार्यशाळेचं तोंड पाहिलं नसतंस. मानी होतीस. शिंगं काय गं, ती कधीही फिरवता येतात."

"आणि साहेबांशी भांडलात ते? बढती?"

"मग काय म्हणू? एकदा कुरंग म्हटलं की कुरंग."

मला इतका राग आला, इतका राग आला, की त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. एकावन्न वर्षांची बाई. ते केसांवरून हात फिरवत म्हणत होते, "पोरी, चहा सांडेल."

२५ फेब्रुवारी
खोळा फिरवून बसवल्या. सरसाने. डॉक्टरसाहेब पूर्ण वेळ शेजारी उभे होते, श्वास रोखून, जसं काही बाळंतपणच चाललंय. शिंगांवरच्या वाढीच्या कड्या मोजून त्यांनी सांगितलं, हे शॅमॉय नऊ वर्षांचं होतं. पुढे आकडे असताना ते जरा भांडखोर दिसायचं. आता ऐटबाज दिसतं. कड्यावरून खाली बघत असल्यासारखं.

कपाटही ठरलं. एका बाजूला रानमेंढा, दुसऱ्या बाजूला रानबोकड, आणि दोघांपासून हातभर अंतर ठेवून हे. मी विचारलं, "मधे कशाला? कोणाच्या तरी जवळ द्या की." ते म्हणाले, "घर तेच ताई, खोली त्याची त्याची." नवी पाटी त्यांनी मला वाचून दाखवली. त्यात 'बकरी' आणि 'कुरंग' दोन्ही शब्द आहेत, आणि ते दोन्हीही का नाही ते साध्या चार ओळींत लिहिलंय. मावशींना समजली. म्हणजे जमली.

२८ फेब्रुवारी
उद्या उद्घाटन. गर्दीत बाबांना काही उमगणार नाही म्हणून आजच त्यांना रिक्षाने घेऊन गेले. डॉक्टरसाहेबांनी दारातून हाताला धरून आणलं आणि कपाटाची काच सरकवली. बाबांनी दोन्ही हात पुढे केले. आधी पाठ, मग मान, मग शिंगं. बुडापासून टोकापर्यंत, वळणावरून मागे. दोनदा. म्हणाले, "हं." त्यांच्या 'हं'ची मला अजिबात चीड आली नाही.

मग प्रत्येक प्राण्यामागे ठेवायचं कार्ड भरायचं होतं. त्यात रकाना असतो, 'मूळ काम कोणी केले'. जुन्या रजिस्टरात बाबांचं नाव आहे. डॉक्टरसाहेब तेच उतरवत होते. मी पेन मागून घेतलं.

"जे आहे ते राहू दे," बाबा म्हणाले. पेनचा आवाज ऐकू येतो त्यांना.

म्हटलं, "खोटं कसं राहू देऊ? संग्रहालय आहे हे."

मी लिहिलं: शरीर बाबांचं, त्यांच्या पूर्ण नावाने. त्याखाली: शिंगं (चुकीची), माझं नाव, वय तेरा. त्याखाली: शिंगं (दुरुस्त), पुन्हा माझं नाव, वय एकावन्न. डॉक्टरसाहेबांनी ते मोठ्याने वाचलं. बाबांनी पुन्हा वाचायला लावलं. तेरा ह्या आकड्याशी त्यांचा चेहरा हलला. मला वाटलं, आता त्यांना बसवून पाणी द्यावं.

पण त्यांनी हात पुन्हा काचेआड घातले. "आता कान बघू दे," म्हणाले.

बराच वेळ चाचपले. मग म्हणाले, "डाव्याची कड जाड झालीय. आणि उजवा नुसता उभा आहे, तो काही ऐकत नाहीये. मान जिकडे वळलीय तिकडे कान नको का वळायला?"

बत्तीस वर्षांत बाबांनी माझ्या कामात पहिल्यांदा चूक काढली. एक नाही, दोन. दोन्ही बरोबर होत्या. मी पदर खोचला, डॉक्टरसाहेबांना किटली लावायला सांगितली आणि बाबांना म्हटलं, बसा इथे, तुम्ही सांगाल तसा वळवते.